दुरुस्तीची सोय नाही

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी जेवत होते. दारात चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "त्या कार्डाचा कॉम्प्युटर तुम्हीच बनवलाव ना?"

कॉम्प्युटर मी बनवला नव्हता, पण तिला काय म्हणायचंय ते कळलं. मी हात धुतले आणि तिला आत बसवलं.

चाळिशीतली बाई. मूळची कापडे गावची, राहायला बिरवाडीत भाड्याच्या खोलीत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पावडर भरायच्या विभागात ठेकेदाराकडून पाच वर्षं कामाला होती. आठ दिवसांपूर्वी गेटवर तिने कार्ड लावलं तर दिवा लाल झाला. वॉचमनने तीनदा लावून बघितलं, तीनदा लाल. तेव्हापासून ती घरी होती. माझे वडील त्याच वसाहतीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या ओळखीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की महाडात त्यांची मुलगी हेच काम करते.

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. याच पावसाळ्यात झालेल्या आरोग्य तपासणीची चिठ्ठी होती. नळीत फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजतात, त्याचे आकडे चांगले होते. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का होता.

"यात तर सगळं बरं आहे," मी म्हटलं.

"मंग लाल कसा काय?"

मी लॅपटॉप उघडला. तिच्या कार्डाचा क्रमांक टाकला. समोर आलं: अपात्र.

मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी महाडला घरी बसून काम करते. या वसाहतीतल्या पाच कारखान्यांसाठी आम्ही एक व्यवस्था उभी केली होती. कंत्राटी कामगार आज इथे, उद्या तिथे. त्याची दरवर्षीची तपासणी एकदाच व्हावी, निकाल एकाच ठिकाणी लिहिला जावा आणि पाचही गेटांनी तोच वाचावा. या कारखान्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, ठेकेदारांवर तर कुणाचाच नाही. म्हणून ती नोंद कुणा एकाच्या कपाटात न ठेवता आम्ही ब्लॉकचेनवर ठेवली. म्हणजे एकच वही, तिच्या प्रती अनेकांकडे, आणि एकदा लिहिलेलं पान कुणालाही फाडता येत नाही. त्या वहीत कोण लिहिणार, कधी लिहिणार, हे ठरवणारा जो प्रोग्राम असतो त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. तो मी लिहिला होता. तोही एकदा वहीवर चढला की बदलत नाही.

बदलण्याची वाट ठेवता येते. बरेचजण ठेवतात. मी मुद्दाम ठेवली नव्हती. त्याला कारण माझे वडील.

मी कॉलेजात होते तेव्हा बाबांच्या तपासणीत छातीचं काहीतरी निघालं. त्या वर्षी ठेकेदाराने त्यांना दुसरीकडे नेऊन पुन्हा तपासून आणलं. पहिला कागद नाहीसा झाला आणि दुसऱ्यावर ते ठणठणीत होते. बाबा आणखी चार वर्षं त्याच विभागात राहिले. आता आमच्या घराच्या सात पायऱ्या चढायला ते मध्ये एकदा थांबतात. म्हणून मी दोन नियम घातले होते. एका कार्डाला वर्षात एकच नोंद. आणि झालेली नोंद कुणीही पुसू शकणार नाही: कारखाना नाही, डॉक्टर नाही, आमची कंपनी नाही, मीसुद्धा नाही. मला त्या ओळींचा अभिमान होता.

आमच्या कंपनीचं कायद्याचं काम बघणाऱ्या एक वकीलबाई आहेत, मुंबईच्या. काम सुरू होतानाच त्यांनी विचारलं होतं, "दुरुस्ती कुठे आहे यात?"

"दुरुस्ती नाही, तेच तर याचं बळ आहे," मी म्हणाले होते.

"माहिती ज्याची असते त्याला ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे, काही वेळा पुसून मागण्याचाही. कायद्यात लिहिलंय. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं नाही."

मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण दुरुस्ती कुठे आहे?" मला त्यांचा भयंकर राग आला. आमच्या संचालकाला मात्र माझं म्हणणं पटलं, कारण ‘कुणालाच बदलता येत नाही’ हे वाक्य त्याला गिऱ्हाइकांसमोर फार उपयोगी पडत होतं. वकीलबाईंनी आपला आक्षेप लेखी पाठवला. आम्ही तो एका फोल्डरमध्ये ठेवून दिला.

ती बाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मी सही करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत एका पानावर आले आणि रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्या दिवशी एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन बायका तपासायला आल्या होत्या, एकीमागे एक. दुसरीचे आकडे वाईट होते. नोंद चढवताना त्यांच्या माणसाने स्क्रीनवर नाव शोधलं, दोनदा तेच नाव दिसलं, आणि त्याने हिचं तिला आणि तिचं हिला लावलं.

"तुमच्या स्क्रीनवर नावापुढे कार्डाचा क्रमांक का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

खरंच नव्हता. तेही आमचंच काम.

"चूक माझ्या माणसाची आहे, मी मान्य करतो. आता मी काय करू? मी दुरुस्त करायला गेलो तर ‘या वर्षीची नोंद झाली आहे’ एवढंच येतं."

"येणारच," मी म्हटलं. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

मग फोन सुरू झाले. कारखान्यातल्या एचआरच्या माणसाला मी डॉक्टरांचं पत्र पाठवलं. तो म्हणाला, "मॅडम, पत्र ठीक आहे, पण दिवा लाल आहे. लाल असताना आत घेतलं आणि ऑडिटला सापडलं तर माझी नोकरी जाईल. तुम्हीच सांगितलं होतंत ना, दिवा सांगेल तेच खरं?" ठेकेदार म्हणाला, तिच्या जागी दुसरी बाई घेतलीय, काम थांबत नाही. संचालक म्हणाला, "एकाच बाईचा प्रश्न आहे ना? पुढच्या पावसाळ्यात नवी नोंद होईलच. तोवर काहीतरी समजूत घाल."

"अकरा महिने?"

"तू सांग दुसरा उपाय. नियम तुझाच आहे."

त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की बाबा आतून बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते तरी माझी बाजू घेतील. ते खुर्चीवर टेकले, श्वास घेतला आणि म्हणाले, "माझ्या कागदावर लबाडी झाली. तिच्या कागदावर चूक झालीय. दोन्हीला तू एकच कुलूप लावलंस."

मला आणखीच चीड आली.

वकीलबाई स्वतः आल्या. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने महाडला, हातात एक जाड फाइल. ‘मी सांगितलं होतं’ असं त्या म्हणतील म्हणून मी दोन दिवस मनात उत्तरं जुळवत होते. त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. चहा घेतला आणि विचारलं, "त्या दुसऱ्या बाईचं काय?"

मी रागाच्या भरात पहिलीचाच विचार करत होते. दुसरीच्या कार्डावर हिरवा दिवा होता, आणि ती रोज त्याच पावडरीत उभी राहत होती.

डॉक्टरांनी तिला दोनदा निरोप धाडला होता, ती आली नव्हती. मी डॉक्टरांना म्हटलं, मी जाते. पोलादपूरच्या पुढे एका वाडीत ती राहायची. रविवारी पोलादपूरच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. पहिल्या बाईपेक्षा वयाने लहान, अंगाने किरकोळ. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घेत होती, बाबांसारखी. मला ते ऐकवेना.

मी शक्य तितकं नीट सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"माझा हिरवा हाय ना?"

"हो, पण तो चुकून आहे."

"मंग राहू दे हिरवा."

"ताई, पावडरीत राहिलात तर छातीचं वाढत जाईल."

"छाती माझी हाय. घरी बसले तर काय कमी व्हनार? तुम्ही देनार काय काम?" मग श्वास घेऊन, "त्या दुसरीचा लाल काढायचाय म्हनून माझा हिरवा काढताव. मला कळत नाय काय?"

तिची एसटी लागली. ती उठून गेली. मी तिथेच बसून राहिले, समोर दोन चहाचे कप.

वकीलबाईंना फोन केला तर त्या उलट माझ्यावरच रागावल्या. "तुम्ही तिला भेटायला जायलाच नको होतं. ती आजारी आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

"डॉक्टरांनी सांगितलं. आणि तसंही, कार्डाचा क्रमांक असला की नोंद दिसतेच."

"कुणालाही?"

"क्रमांक माहीत असला तर कुणालाही."

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लोकांचं आजारपण चव्हाट्यावर मांडलंय आणि ते पुसायची सोय ठेवलेली नाही. हे लक्षात येतंय का तुमच्या?"

येत होतं. प्रत्येक वेळी त्या बरोबर असायच्या, हे मला सहन होत नव्हतं.

शेवटी एकच मार्ग होता. जुना कॉन्ट्रॅक्ट तसाच पडू द्यायचा, नवा लिहायचा, आणि पाचही गेटांना सांगायचं की इथून पुढे नवा वाचा. संचालकाने आधी नकार दिला. नवा करायचा म्हणजे जुना चुकला हे गिऱ्हाइकांना सांगायचं. वकीलबाईंनी त्याला आपलं जुनं पत्र फोल्डरमधून काढून वाचायला लावलं. तो नरमला.

मी लिहायला बसले. पुसायचं नाही, पण दुरुस्तीची नवी नोंद जुनीवर चढेल आणि गेट नेहमी शेवटचीच वाचेल, इथवर सोपं होतं. दुरुस्ती करायचा अधिकार कुणाला, इथे मी अडकले. एकट्या डॉक्टरांना दिला तर बाबांच्या वेळचंच पुन्हा होणार: ठेकेदार दबाव टाकणार. म्हणून मी डॉक्टर आणि कामगार अशा दोघांची संमती लागेल असं केलं. आणि मग लक्षात आलं की पोलादपूरची ती संमती देणारच नाही. माझ्या नव्या नियमाने तिचा चुकीचा हिरवा तसाच पक्का होत होता. कामगाराच्या भल्याचं म्हणून जे जे करायला जावं ते दुसऱ्याच कामगाराच्या अंगावर येत होतं. मी तो भाग चार वेळा लिहिला आणि चार वेळा काढून टाकला.

मग मला वाटलं, ती एवढी का अडून बसलीय ते तरी नीट समजून घ्यावं. मी पुन्हा गेले, या वेळी डॉक्टरांना घेऊन, वकीलबाईंना विचारून. डॉक्टर बाजूला बसून तिच्याशी बोलले. मग तिने मला बोलावलं.

"दुसऱ्या खात्यात घालतील काय मला? जिथं पावडर नाय?"

मी एचआरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "लेबलच्या खात्यात जागा आहे. पण कार्ड लाल झालं की ती गेटच्या आतच येऊ शकत नाही. तुमच्या सिस्टीममध्ये दोनच रंग आहेत, मॅडम."

खरं होतं. पात्र किंवा अपात्र. हो किंवा नाही. जागा कमी लागते म्हणून मी तसं ठेवलं होतं, आणि ते लिहिताना पाच मिनिटंसुद्धा विचार केला नव्हता. माणूस एका कामाला चालत नसेल आणि दुसऱ्याला चालत असेल, ही इतकी साधी गोष्ट. बाबांनासुद्धा त्या वर्षी कुणी दुसऱ्या खात्यात घातलं असतं तर कागद बदलायची गरजच पडली नसती.

तिसरा प्रकार घातला: पावडर सोडून इतर कामास पात्र. डॉक्टरांना धोक्याच्या कामावर लगेच थांबा लावायचा अधिकार दिला. कामगाराला हरकत घ्यायचा आणि दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचा. आरोग्याचा निकाल वहीतून बाहेर काढला. तिथे आता फक्त एक खूण राहते, जिच्यावरून माणसाला काही वाचता येत नाही; गेट ती दवाखान्याकडच्या नोंदीशी ताडून दिवा लावतं. खरी माहिती दवाखान्याकडे, जिथे ती दुरुस्तही होते आणि पुसताही येते. वकीलबाईंनी प्रत्येक ओळ विचारून घेतली. आम्ही फोनवर अनेकदा भांडलो.

गणपतीच्या आधी पहिली बाई माझ्या दारात आली होती. नवा कॉन्ट्रॅक्ट चढला तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. मधल्या काळात ती कापड्याला भावाकडे जाऊन भात कापून, झोडून परत आली होती. दर पंधरा दिवसांनी फोन करायची. "झाला काय गो?" विचारायची. मॅडम कधी सुटलं आणि गो कधी आलं ते कळलंही नाही. दर वेळी मी "होतंय" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर कुणावर तरी ओरडायचे.

पोलादपूरच्या बाईने डॉक्टरांसमोर संमती दिली. ती लेबलच्या खात्यात गेली. अजून तिथेच आहे. मला गेटजवळ एकदा दिसली. मी हात केला, तिने बघितलं आणि पुढे गेली. ओव्हरटाइम पावडरीच्या खात्यात मिळायचा, लेबलमध्ये मिळत नाही. तिने मला माफ करावं असं काही मी केलेलं नाही.

पहिलीची जुनी जागा भरलेली होती. तिला शेजारच्या कारखान्यात काम मिळालं. पहिल्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. "लालच हाय."

मी रिक्षा करून गेले. गेटवर वीस-पंचवीस माणसं, ती बाजूला उभी, डबा हातात. नवी साडी नेसून आली होती. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मशीन सांगतंय." चार कारखान्यांनी मशीनची सेटिंग बदलून घेतली होती, पाचव्याने, म्हणजे याच कारखान्याने, ‘करून टाकली’ असं कळवून केलीच नव्हती. ते यंत्र अजून जुना कॉन्ट्रॅक्ट वाचत होतं. जुना तर जिवंतच होता. तो मरेल अशी सोय मी केलेली नव्हती. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि गेटवरचं ते खोकं माझ्या जुन्या ओळी इमानदारीने वाचत होतं. मी वॉचमनवर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता. तो बिचारा पाण्याची बाटली पुढे करत होता. आतून इलेक्ट्रिकल विभागाचा माणूस यायला साडेदहा वाजले. त्याने पाच मिनिटांत मशीनमध्ये नव्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता घातला. दिवा हिरवा झाला. ती आत गेली. त्या दिवसाची तिची अर्धीच पाळी धरली गेली.

त्यानंतरही एक काम राहिलं होतं. वकीलबाईंच्या सांगण्यावरून तिने आमच्या कंपनीला रीतसर अर्ज दिला होता, की माझी चुकीची नोंद पुसून टाका. त्याला लेखी उत्तर देणं भाग होतं. जुन्या वहीत ‘अपात्र’ हा शब्द आहे आणि तो राहणारच. वकीलबाईंनी आणि मी मिळून एवढंच केलं: तिला नव्या क्रमांकाचं कार्ड दिलं आणि जुना क्रमांक तिचा होता हे दाखवणारी आमच्याकडची सगळी नोंद नष्ट केली. मी ते कार्ड घेऊन बिरवाडीला तिच्या खोलीवर गेले.

"खोडलं काय ते?" तिने विचारलं.

"खोडता येत नाही. पण आता ते तुमचं नाही. त्या क्रमांकाची आता कुणीच बाई नाही."

तिने जरा विचार केला. "कुनीच नाय, तरी आजारी?"

"हो."

"असला कसला गो तुमचा कायदा?" ती म्हणाली. मी सांगायला लागले की कायदा तसा नाही, कायद्याने पुसायलाच सांगितलंय, पुसता येत नाही ते माझ्यामुळे. पण ती ऐकत नव्हती. तिने पोच घेतल्याची सही केली, कार्ड उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "फोटो बरा आलाय." मग तिला पाळीला जायचं होतं, म्हणून मीही निघाले.

घरी येऊन मी अर्जापुढे ‘निकाली’ असं लिहिलं. कंपनीच्या फॉर्ममध्ये तिथे दोनच पर्याय होते, निकाली आणि प्रलंबित.